गोलमेजाचे सरदार आणि वाटेवरची हाक

आर्थर राजा आणि त्याच्या गोलमेजाचे सरदार यांच्या कथा आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या दिवसांत संक्षिप्त इंग्रजी पुस्तकांतून वाचलेल्या असतात. दगडात रुतलेली तलवार सहज उपसणारा मुलगा, चिलखत घातलेले घोडेस्वार, त्यांची द्वंद्वे, संकटात सापडलेल्या राजकन्या एवढे त्यांतले आपल्या स्मरणात राहते. मुलांसाठी या कथा सोप्या करणाऱ्यांनी त्यांतला एक मोठा भाग बहुधा गाळलेला असतो, आणि तो भाग म्हणजे या सरदारांचे अपयश. मूळ ग्रंथ हाती घेणाऱ्या वाचकाला आश्चर्य वाटते ते याचेच. ज्या वीरांचा गौरव करण्यासाठी हे ग्रंथ लिहिले गेले असे आपण समजत होतो, त्यांच्या चुका तेथे मोठ्या बारकाईने आणि तितक्याच दुःखाने नोंदविलेल्या आहेत.

या सरदारांच्या आचारधर्माला इंग्रजीत 'शिव्हलरी' म्हणतात. हा शब्द घोडा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. आपल्याकडील 'शिलेदार' हा शब्द त्याच्या बराच जवळचा आहे. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा आणि चिलखत बाळगणे हे खर्चाचे काम असल्यामुळे हा धर्म मुळातच सधन आणि शस्त्रधारी माणसांचा होता. मराठीत आपण त्याला 'स्त्रीदाक्षिण्य' म्हणून मोकळे होतो. परंतु त्यात शौर्य, स्वामिनिष्ठा, शरणागताला अभय आणि दिलेला शब्द पाळणे या गोष्टी येत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही 'वीरधर्म' हा शब्द योजीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या कथांतील सरदार शौर्यात क्वचितच कमी पडतात. ते कमी पडतात ते समोरच्या माणसाचे दुःख पाहण्यात. आणि पुष्कळदा त्यांचा नियमच त्यांच्या डोळ्यांवर झापड बांधतो. हे दाखविण्याचे धैर्य मध्ययुगीन लेखकांच्या ठायी होते. ख्रिस्ती कुटुंबांनी या कथा आजही वाचाव्यात असे आम्हांला वाटते, त्याचे कारण हेच.

प्रथम त्या प्रसिद्ध शपथेचा विचार करू. सर थॉमस मॅलरी याने १४६९-७० च्या सुमारास पूर्ण केलेला आणि विल्यम कॅक्स्टन याने १४८५ साली छापलेला 'ल मॉर्त दार्थर' हा ग्रंथ आर्थरकथांचा इंग्रजीतील सर्वांत मोठा संग्रह होय. त्यात आर्थरच्या विवाहानंतर सर्व सरदार शपथ घेतात. कोणावर अत्याचार वा कोणाचा खून करायचा नाही, विश्वासघात करायचा नाही, दया मागणाऱ्याला दया द्यायची, स्त्रियांच्या साहाय्याला धावून जायचे आणि त्यांच्यावर कधीही बळजबरी करायची नाही, धनाच्या लोभाने अन्यायाच्या बाजूने लढायचे नाही, असा तिचा आशय. ही शपथ दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला पुन्हा घ्यायची असते. पवित्र आत्म्याच्या सणाचा दिवस त्यासाठी निवडावा, हे आम्हां ख्रिस्ती वाचकांना विशेष अर्थपूर्ण वाटते.

परंतु ही शपथ कथेच्या कोणत्या टप्प्यावर येते तेही पाहिले पाहिजे. ती येते दोन भयंकर चुकांनंतर. तरुण गवेन एका पराभूत सरदाराला दया नाकारतो आणि त्याचे मस्तक उडविण्यासाठी तलवार उगारतो. तेवढ्यात त्या सरदाराची प्रिया त्याच्या अंगावर झेप घेते आणि घाव तिच्या मानेवर बसतो. दुसरी चूक राजा पेलिनोरची; तिच्याकडे आपण लवकरच वळू. म्हणजे शपथेचे एकेक कलम कोणाच्या ना कोणाच्या रक्ताने लिहिले गेले आहे. नियम आधी आणि पाप मागाहून, असा आपला समज असतो. मॅलरी येथे पाप आधी आणि नियम मागाहून दाखवितो. ज्या मॅलरीला बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचा कर्ता मानतात, त्या वॉरिकशरमधील सरदारावर दरोडा, खंडणी आणि बलात्कार असे आरोप होते. ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. तथापि ग्रंथकर्ता स्वतःला बंदिवान सरदार म्हणवितो आणि आपल्या सुटकेसाठी वाचकांची प्रार्थना मागतो. स्त्रियांवर बळजबरी न करण्याची शपथ अशा हाताने लिहिली गेली असेल, तर ती ढोंग म्हणावी की पश्चात्ताप? निर्णय देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण शपथ वाचताना हा प्रश्न मनातून जात नाही.

शपथेतील उणीवही सांगितली पाहिजे. तिच्यातील स्त्रिया प्रामुख्याने कुलीन आहेत. शेतात राबणाऱ्या बाईचा तेथे उल्लेख नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस नावाच्या एका धर्मगुरूने प्रेमाच्या रीतिभातींवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. कुलीन स्त्रीपुढे कसे नम्र व्हावे याचे विस्तृत धडे त्यात आहेत. आणि शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीबाबत मात्र थोडी बळजबरी करण्यास हरकत नाही, असा सल्ला आहे. काही अभ्यासक हा उपरोध मानतात. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी त्या ग्रंथाचा निषेध केला, ही समाधानाची गोष्ट. तरीही एका धर्मगुरूच्या लेखणीतून हे वाक्य उतरले, ही लाज आम्हां धर्मगुरूंना झाकून ठेवता येणार नाही. जी सभ्यता आपल्या बरोबरीच्यांपुरतीच असते, ती प्रीती नव्हे. ती केवळ रीत होय.

आता पेलिनोरची कथा. आर्थरच्या विवाहाच्या मेजवानीत एक सरदार घोड्यावरून घुसतो आणि एका स्त्रीला बळाने पळवून नेतो. तिला परत आणण्याची कामगिरी राजा पेलिनोरवर सोपविली जाते. तो भरधाव निघतो. वाटेत एका दरीत, झऱ्याकाठी, एक तरुणी जखमी सरदाराला मांडीवर घेऊन बसलेली असते. ती त्याला ख्रिस्ताच्या नावाने मदत मागते. पेलिनोर थांबत नाही. हाती घेतलेल्या कामाच्या आवेशात तो तसाच पुढे जातो. पुढे त्याचे काम फत्ते होते. पळविलेल्या स्त्रीला घेऊन तो त्याच वाटेने परततो, तेव्हा तो जखमी सरदार मेलेला असतो, त्या तरुणीने दुःखाने जीव दिलेला असतो आणि श्वापदांनी तिचे शरीर खाल्लेले असते. उरलेले असते फक्त मस्तक. दरबारात राणी गिनिव्हिअर त्याला दोष देते आणि तो तो मान्य करतो. मग मर्लिन सांगतो, की ती तरुणी पेलिनोरची स्वतःचीच मुलगी होती.

एका स्त्रीला वाचविण्याच्या कर्तव्यापोटी दुसरीची हाक ऐकायची राहून जावी, ही या कथेतील खरी धार आहे. पेलिनोर दुष्ट नाही. तो कर्तव्यदक्ष आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात जखमी माणसाला वळसा घालून जाणारे याजक आणि लेवी हेही कर्तव्यदक्षच नसतील कशावरून? मर्लिनने उलगडलेले रहस्य कित्येकांना नाट्यमय योगायोग वाटते. आम्हांला त्यात धर्मशिक्षण दिसते. वाटेवर हाक मारणारी प्रत्येक स्त्री कोणाची तरी मुलगी असते. पेलिनोरला हे कळले ते ती आपली निघाली तेव्हा. येथे आम्हांला स्वतःकडेही बोट दाखविले पाहिजे. रविवारच्या दोन मिस्सांच्या मधल्या घाईत साक्रिस्तीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला 'नंतर या' असे आम्ही किती वेळा म्हटले असेल! त्यांतले काही नंतर आले. काही पुन्हा आलेच नाहीत. पुढची मिस्सा मात्र आम्ही वेळेवर सुरू केली.

पेलिनोर कामाच्या आवेशात चुकला. पर्सिव्हल शिष्टाचारापायी चुकला. फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्र्वा याने बाराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात रचलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या ग्रेलकाव्यात ही कथा आहे. अरण्यात आईने जगापासून जपून वाढविलेला हा मुलगा एकदा चकाकत्या चिलखतातील सरदार पाहतो आणि त्यांना देवदूत समजतो. त्यांच्यासारखे होण्यासाठी तो घर सोडतो. मागे वळून पाहताना पुलाच्या टोकाशी आई कोसळलेली त्याला दिसते. तरी तो घोड्याला चाबूक मारून निघून जातो. पुढे गोर्नमाँ नावाचा एक अनुभवी सरदार त्याला वीरधर्माचे धडे देतो. त्यांत एक धडा असा की, फार बोलू नये. नंतर एका किल्ल्यात तो जखमी, पंगू झालेल्या मच्छीमार राजाचा पाहुणा होतो. त्याच्यासमोरून रक्त ठिबकणारा भाला नेला जातो, ग्रेल नावाचे तेजस्वी पात्र पुन्हा पुन्हा नेले जाते. हे काय आहे, हे कोणासाठी नेतात, असे विचारण्याची त्याला इच्छा होते. पण गुरूची शिकवण आठवून तो गप्प राहतो. सकाळी विचारू, असे मनाशी ठरवितो. सकाळी किल्ला रिकामा असतो. एका प्रश्नाने राजा बरा झाला असता, हे त्याला मागाहून कळते.

शिष्टाचाराने करुणेचा गळा कसा दाबला जातो, याचे याहून मार्मिक चित्र आमच्या वाचनात नाही. पर्सिव्हल काही वाईट करीत नाही. तो फक्त विचारीत नाही. आपल्या घरांतही असेच घडते. शेजारच्या घरात काहीतरी बिनसले आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु कोणाच्या खासगी गोष्टीत कशाला पडा, असे म्हणून आपण सभ्यपणे गप्प बसतो. आजाऱ्याला भेटायला जातो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि 'तुम्हांला काय होते आहे?' हा एकच प्रश्न विचारायचे टाळून परत येतो.

या कथेचा पुढील भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. पर्सिव्हल पाच वर्षे पराक्रम गाजवितो, साठ नामांकित सरदारांना जिंकून आर्थरच्या दरबारी पाठवितो. पण या पाच वर्षांत तो एकदाही चर्चमध्ये पाऊल टाकीत नाही. एके दिवशी त्याला अनवाणी चालणारे सरदार आणि स्त्रिया भेटतात. आज शुभ शुक्रवार आहे, आज शस्त्र धारण करू नये, असे ते त्याला सांगतात. त्याला वार, महिना, काहीच ठाऊक नसते. रडत रडत तो एका वनवासी तपस्व्याकडे जाऊन पापनिवेदन करतो. तो तपस्वी त्याचा मामाच निघतो. त्या दिवशी तुझी जीभ बांधली गेली ती आईच्या दुःखाकडे पाठ फिरविल्याच्या पापाने, असे तो सांगतो. ग्रेलमध्ये एकच पवित्र होस्ती असते आणि तिच्यावर एक वृद्ध राजा जगतो, हेही सांगतो. ईस्टरला पर्सिव्हल कम्युनियन स्वीकारतो. अशा रीतीने कवीने दूर किल्ल्यातील मौनाचे मूळ घराच्या उंबरठ्याशी नेऊन सोडले आहे. आईकडे ज्याला वळता आले नाही, त्याला परक्याला प्रश्न विचारता आला नाही. कुटुंबांनी या ओळीवर थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते.

तिसरा सरदार गवेन. पण मॅलरीचा नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका अज्ञात इंग्रज कवीने रचलेल्या 'सर गवेन आणि हिरवा सरदार' या काव्यातील हा गवेन अत्यंत सभ्य आहे. हे काव्य एकाच हस्तलिखितात टिकले. ते ज्या ग्रंथसंग्रहात होते, त्याला १७३१ साली आग लागली. त्यातूनही ते बचावले. गवेनच्या ढालीवर पाच टोकांचा तारा आहे. ख्रिस्ताच्या पाच जखमा, पवित्र मरियेचे पाच आनंद आणि सरदाराचे पाच सद्गुण अशा पाच पंचकांचे ते चिन्ह. ढालीच्या आतल्या बाजूला, फक्त त्यालाच दिसेल असे, मरियेचे चित्र आहे.

हिरव्या सरदाराच्या कुऱ्हाडीचा घाव सोसण्याचे वचन पाळण्यासाठी निघालेला गवेन नाताळच्या सुमारास एका किल्ल्यात उतरतो. दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचे, असा करार यजमान त्याच्याशी करतो. यजमानाची पत्नी तीन दिवस त्याला मोहात पाडू पाहते. तो आपले शील राखतो, तिचा अपमानही होऊ देत नाही आणि मिळालेली चुंबने यजमानाला प्रामाणिकपणे परत करतो. मात्र तिसऱ्या दिवशी ती त्याला जीव वाचविणारा हिरवा पट्टा देते आणि तो लपवून ठेवायला सांगते. तो पट्टा तो घेतो, त्याच दिवशी धर्मगुरूकडे जाऊन पापनिवेदन करतो, आणि संध्याकाळी पट्ट्याविषयी यजमानाला अवाक्षर सांगत नाही.

हे पापनिवेदन यथार्थ होते का, यावर समीक्षकांत मोठा वाद आहे. या काव्याची १९२५ ची आवृत्ती संपादित करणाऱ्यांपैकी एक, आणि स्वतः श्रद्धाळू कॅथलिक असलेले जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९५३ साली ग्लासगो येथे दिलेल्या व्याख्यानात ते यथार्थ मानले. पट्टा ठेवणे हा खेळाच्या नियमाचा भंग होता, पाप नव्हे, असा त्यांचा विचार. उलट जॉन बरो यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात, परत करायची वस्तू लपवून ठेवणाऱ्याचे पापनिवेदन अपुरेच राहते, असे प्रतिपादन केले. दोघांच्याही विद्वत्तेबद्दल आदर बाळगून आम्हांला असे वाटते की, येथे मानवी मनाचा एक व्यवहार नजरेतून निसटतो. गवेनने धर्मगुरूपासून काही लपविले असे कवी म्हणत नाही. त्याने लपविले ते स्वतःपासून. सभ्य माणसे पापनिवेदनाला येतात तेव्हा बहुधा खोटे बोलत नाहीत. सदसद्विवेकबुद्धीची तपासणीही करून येतात. फक्त एक पट्टा त्यांच्या यादीत नसतो, कारण तो त्यांना अजून पाप वाटतच नसतो. कोणाच्या यादीत तो भावाच्या वाट्याची जमीन असतो, कोणाच्या यादीत मोलकरणीचा अडवून ठेवलेला पगार.

हिरव्या सरदाराची कुऱ्हाड गवेनच्या मानेला केवळ ओरखडा काढते, आणि तेव्हा त्याला सारे उमगते. यजमान आणि हिरवा सरदार एकच होते. गवेन आपल्या भित्रेपणाला आणि लोभाला दोष देतो. पण लगेच आदाम, शलमोन, शमशोन आणि दावीद यांची नावे घेऊन, थोरामोठ्यांना स्त्रियांनीच फसविले, असा कांगावा करतो. आदामाचे नाव घेताना तो आदामाचेच पाप पुन्हा करीत आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. कारण एदेन बागेत आदामानेही बाईकडेच बोट दाखविले होते. स्त्रीदाक्षिण्याचा आदर्श समजला जाणारा सरदार पहिल्या ओरखड्यासरशी स्त्रीनिंदक होतो, यात कवीने वीरधर्माची नस अचूक पकडली आहे. स्त्रीला देवीच्या जागी बसविणारा माणूस तिला सैतानाच्या जागी बसवायला वेळ लावीत नाही. माणसाच्या जागी, आपल्या शेजारी, बसविणे त्याला अधिक कठीण जाते.

काव्याचा शेवटही विचार करायला लावणारा आहे. गवेन लाजेची खूण म्हणून तो पट्टा अंगावर मिरवीत घरी येतो. दरबार खळाळून हसतो आणि सर्वजण तसाच पट्टा सन्मानचिन्ह म्हणून घालायचे ठरवितात. हे हसणे क्षमेचे आहे की आंधळेपणाचे? आम्हांला त्यात दोन्ही दिसते. मित्राची लाज वाटून घेणे ही प्रीतीच होय. पण लाजेची खूण अलंकार झाली की तिचा ओरखडा जाणवेनासा होतो. क्रूसाचेही आपण असेच केले आहे. गुन्हेगाराला टांगण्याचा खांब आपण सोन्यात घडवून लग्नसमारंभात गळ्यात घालतो. तो घालू नये असे आमचे म्हणणे नाही. अधूनमधून तो टोचला पाहिजे, एवढेच.

मग या कथांत वीरधर्म सफल झाल्याचे एकही उदाहरण नाही काय? ग्रेल मिळविणारा निष्कलंक गॅलहॅड आहे. पण तो या जगातून निघून जातो आणि घरी परतत नाही. आम्हांला मॅलरीच्या ग्रंथाच्या अखेरीकडे येणारा एक प्रसंग अधिक जवळचा वाटतो. उरी नावाच्या हंगेरियन सरदाराच्या सात जखमा एका शापामुळे भरून येत नसतात. जगातील सर्वश्रेष्ठ सरदाराचा हात लागेल तेव्हाच त्या बऱ्या होणार असतात. त्याची आई त्याला डोलीत घालून सात वर्षे देशोदेशी फिरविते. आर्थरपासून सगळे सरदार हात लावून पाहतात. काही होत नाही. शेवटी लॅन्सलॉट येतो. राणीशी असलेल्या पापी संबंधात तो अडकलेला आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे. तो मागे सरतो. राजाच्या आज्ञेवरून तो गुडघे टेकतो, पवित्र त्रैक्याची मनोमन प्रार्थना करतो आणि एकेक जखम चाचपतो. जखमा भरून येतात. सगळे देवाचे आभार मानतात, आणि लॅन्सलॉट लहान मुलासारखा रडतो.

तो का रडला, हे मॅलरी सांगत नाही. आणि ही त्याच्या कलेची थोरवी होय. संत ऑगस्टीनच्या काळापासून ख्रिस्तसभा शिकवीत आली आहे की, साक्रामेंताची कृपा देणाऱ्याच्या पात्रतेवर अवलंबून नसते. वेदीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला त्या अश्रूंचा अर्थ सांगावा लागत नाही. लॅन्सलॉटने येथे केले तरी काय? पेलिनोर थांबला नव्हता, तो थांबला. पर्सिव्हलने जखमेविषयी विचारले नव्हते, त्याने जखमेला हात लावला. गवेनने दोष दुसऱ्यावर ढकलला होता, त्याने आपली अपात्रता मनात धरूनच गुडघे टेकले. तलवार या प्रसंगात कोठेच नाही.

आमच्या पिढीतील आणि त्याआधीच्या वाचकांना आठवत असेल, की पूर्वी दृढीकरणाच्या वेळी बिशप गालावर हलकेच चापट मारीत. तिचा संबंध पुष्कळजण सरदारकी देण्याच्या विधीतील प्रहाराशी जोडतात. १९७१ च्या नव्या विधीत ती राहिली नाही. ती गेल्याची खंत करण्याचे कारण नाही. परंतु ख्रिस्ताचे शिलेदार म्हणून आपण घेतलेले वचन कायम आहे, आणि गोलमेजाच्या सरदारांप्रमाणे आपणही ते दरवर्षी, ईस्टरच्या जागरणविधीत, हातात मेणबत्ती घेऊन पुन्हा उच्चारतो. पुढच्या वेळी ते उच्चारताना झऱ्याकाठच्या त्या मुलीची हाक एकदा आठवावी. चर्चमधून घरी जाण्याच्या वाटेवर तसे कोणीतरी बसलेले असेल, आणि आपल्यालाही बहुधा घाईच असेल.